कॉलेज फुटबॉल, कॉन्फरन्सची फेरमांडणी आणि टीव्हीचे प्रेक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात एम.एस. केलं, पुलमन नावाच्या गावात. गावाच्या चारही बाजूंना गव्हाची शेतं. आता सिएटलजवळ राहतो. दरवर्षी ऑगस्ट संपत आला की नव्याने आलेली मराठी मुलं, मुलांकडे राहायला आलेले आईवडील आणि साताऱ्याचे आमचे नातेवाईक मला हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. या सगळ्या प्रकरणात माझ्या विद्यापीठाला मोठा फटका बसला. तो भाग येईल तिथे मी माझं मत लपवलेलं नाही.

हा पायाने खेळायचा फुटबॉल ना?

नाही. हा अमेरिकन फुटबॉल: अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड. एनएफएल ही व्यावसायिक लीग. कॉलेज फुटबॉल म्हणजे विद्यापीठांच्या संघांचा फुटबॉल. पण ‘कॉलेजची मॅच’ म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते पुसून टाका. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट यांच्या स्टेडियममध्ये प्रत्येकी एक लाखाहून जास्त लोक बसतात, आणि ती भरतात. बऱ्याच राज्यांत जवळपास व्यावसायिक संघच नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा, जिल्ह्याचा, राज्याचा संघ. विद्यापीठाची पायरी न चढलेला माणूसही त्या रंगाचा शर्ट घालून शनिवारी दुकानात बसतो.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

विद्यापीठांचा गट. गटातले संघ दरवर्षी एकमेकांशी खेळतात, गटाचा एक विजेता ठरतो, टीव्हीचे करार गट मिळून करतो आणि आलेला पैसा वाटून घेतो. हे गट मुळात शेजारधर्मातून उभे राहिले. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या फडात आजूबाजूच्या तालमींचे पैलवान उतरायचे, तसंच. रेल्वेने एका दिवसात जाता येईल तिथले संघ एका गटात. नावंही त्यावरूनच पडली: पॅसिफिक कोस्ट, साउथईस्टर्न, अटलांटिक कोस्ट.

आता बिग टेन नावाच्या गटात १८ विद्यापीठं आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेली. आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये म्हणजे एसीसीत, पॅसिफिक महासागराच्या काठचे स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत. गटांच्या या उलथापालथीला फेरमांडणी म्हणतात.

टीव्हीचा यात शिरकाव कधी झाला?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टीव्हीची किल्ली एनसीएए या मध्यवर्ती संघटनेकडे होती. सामना घरबसल्या दिसला तर स्टेडियम ओस पडेल, ही त्यांची भीती. म्हणून किती सामने दाखवायचे, एका संघाला किती वेळा पडद्यावर यायचं, हे सगळं संघटना ठरवायची. मोठ्या संघांना हे सलत होतं. १९८१ मध्ये ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी) हा सामना सुमारे २०० केंद्रांवरून दाखवला गेला. सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलाचियन स्टेट हा सामना चार केंद्रांवरून. चारही संघांच्या हातात रक्कम सारखीच पडली.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की एनसीएएची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः कोलोरॅडोचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. बाजार मोकळा सोडला तर शिक्षणसंस्था पैशाच्या मागे धावतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

निकालानंतर पैशाचा पाऊस पडला असं समजू नका. सामन्यांची एकदम रेलचेल झाली आणि सुरुवातीला एका सामन्याची किंमत उलट पडली. खरा बदल वेगळाच झाला. सामना विकायचा अधिकार विद्यापीठांकडे आला, आणि एकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकलं तर भाव बरा येतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून कॉन्फरन्स ही खेळाची व्यवस्था राहिली नाही, विक्रीची व्यवस्था झाली. पुढचं सगळं यातून आलं.

मग विद्यापीठं गट सोडायला कधी लागली?

पहिली लाट १९९० च्या दशकातली. पेन स्टेट बिग टेनमध्ये गेलं. साउथईस्टर्न म्हणजे एसईसी गटाने आर्कान्सा आणि साउथ कॅरोलिना घेतले, गटाचे दोन भाग पाडले आणि १९९२ पासून दोन्ही भागांच्या विजेत्यांत अंतिम सामना सुरू केला. विकायला एक मोठा सामना वाढला. टेक्ससमधली जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मोडली आणि तिच्यातली चार विद्यापीठं बिग एटला मिळून बिग ट्वेल्व्ह झाली.

दुसरी लाट २०१० ते २०१४. ती समजायची तर केबलचं बिल समजायला हवं. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं. गटातल्या राज्यांत ते चॅनेल केबलच्या मूळ पॅकेजमध्ये बसलं की प्रत्येक घरातून दरमहा ठरावीक पैसे येणार, मग घरात कुणी फुटबॉल बघो की न बघो. गटाबाहेरच्या राज्यांत तोच दर अगदीच किरकोळ. आता बघा, २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँड का घेतले? दोन्ही फुटबॉलमधली बडी नावं नव्हती. पण रटगर्स म्हणजे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या परिसरातली घरं. मेरीलँड म्हणजे राजधानी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर. संघ घेतला नाही, घरं घेतली.

तिसरी लाट २०२१ नंतरची, आणि तिचं गणित उलटं. लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली होती. ईएसपीएन हे खेळांचं चॅनेल २०११ च्या सुमारास जवळपास १० कोटी घरांत होतं, तो आकडा पुढे घसरत गेला. न बघणाऱ्या घरांकडून आपसूक येणारा पैसा आटला. आता किंमत उरली ती खरोखर टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसांना. ती कुणाच्या नावावर बसतात? टेक्सस, ओक्लाहोमा, यूएससी. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसीची वाट धरली. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर झालं.

सामने शनिवारीच का?

जुनी प्रथा आणि कायदाही. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगना एकत्र हक्क विकायची मुभा दिली. बदल्यात सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी एनएफएलने शाळा-कॉलेजांच्या सामन्यांवर आक्रमण करू नये अशी अट घातली. ही भिंत डिसेंबरमध्ये पडते. २०२४ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत, पेन स्टेट–एसएमयू आणि टेक्सस–क्लेमसन हे सामने एनएफएलच्या सामन्यांसमोर आले. त्यांना अनुक्रमे सुमारे ६४ लाख आणि ८६ लाख प्रेक्षक मिळाले. त्याच फेरीतला टेनेसी–ओहायो स्टेट सामना रात्री, एनएफएल समोर नसताना झाला. त्याला सुमारे १ कोटी ४३ लाख.

प्रेक्षकसंख्या मोजतात कशी? टीआरपीसारखीच का?

तत्त्व तेच. नील्सन ही कंपनी निवडक घरांत मीटर बसवते आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधते. सप्टेंबर २०२५ पासून त्या घरांच्या जोडीला केबल बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींमधली प्रचंड माहितीही वापरली जाते. बारमध्ये, दुसऱ्याच्या घरी बसून बघणारेही आता मोजले जातात. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून ‘लोकप्रियता वाढली’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पट्टीच बदलली आहे.

आणखी एक. ‘१ कोटी ९१ लाख प्रेक्षक’ म्हणजे तेवढ्या लोकांनी कधीतरी चॅनेल लावलं असं नव्हे. सामन्याच्या कुठल्याही मिनिटाला सरासरी तेवढे लोक बघत होते, असा त्याचा अर्थ.

मोठा सामना म्हणजे किती प्रेक्षक?

१ कोटी ९१ लाख हा आकडा २०२३ च्या ओहायो स्टेट–मिशिगन सामन्याचा आहे. २०११ मधल्या एलएसयू–अलाबामा लढतीनंतर नियमित हंगामात एवढे प्रेक्षक कुठल्याच सामन्याला मिळाले नव्हते. २००६ च्या जानेवारीतला टेक्सस–यूएससी अंतिम सामना साडेतीन कोटींच्या वर गेला होता. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी ओहायो स्टेट–टेक्सस या सलामीच्या सामन्याला सुमारे १ कोटी ६६ लाख.

साधारणपणे ४० लाखांच्या वर गेलेला सामना चांगला चालला असं या धंद्यात मानतात. गटाची किंमत काढताना त्यातला प्रत्येक संघ किती वेळा ही रेषा ओलांडतो ते मोजतात.

म्हणजे ज्याचे प्रेक्षक जास्त तो संघ जास्त लोकप्रिय, हे बरोबर?

इथेच माझा वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेक्षकसंख्या ही संघाची जन्मजात उंची नाही. सामना कुठल्या चॅनेलवर, किती वाजता आणि कुणाशी, यावर ती ठरते. आणि या तिन्ही गोष्टी संघाच्या हातात नसतात. पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी १२, साडेतीन आणि संध्याकाळी साडेसात या तीन मोक्याच्या वेळा. फॉक्स, सीबीएस, एनबीसी, एबीसी ही घरोघरी फुकट दिसणारी चॅनेल. मोक्याची वेळ आणि मोठं चॅनेल मिळालं की मध्यम सामनाही ४० लाखांपर्यंत जातो.

आमचे सामने मात्र बरेचदा आमच्या घड्याळात संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचे. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेदहा. अर्धा सामना झाला की अर्धा देश झोपलेला. पुलमनच्या स्टेडियममध्ये नोव्हेंबरच्या रात्री बोटं बधिर व्हायची, आम्ही हातमोज्यांच्या आत कागदी कप धरून उभे असायचो. मैदानावर लाल टोपीचा माणूस चार पावलं आत यायचा. हा टीव्हीचा माणूस. तो उभा आहे तोवर जाहिराती चालू, आणि तो बाहेर गेल्याशिवाय चेंडू हलत नाही. बावीस खेळाडू, पंच, बॅंड आणि थंडीत कुडकुडणारे तीसेक हजार लोक त्या एका टोपीकडे बघत थांबलेले. वेळ टीव्हीची, घड्याळ टीव्हीचं, आणि शेवटी टीव्हीनेच सांगितलं की तुम्हाला प्रेक्षक कमी आहेत.

उशिराच्या वेळेतही लोक जागतात, याचा पुरावा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कोलोरॅडो–कोलोरॅडो स्टेट सामना पूर्वेच्या वेळेनुसार रात्री दोनच्या पुढे चालला आणि ईएसपीएनवर त्याला सुमारे ९३ लाख प्रेक्षक मिळाले. कोलोरॅडोचे प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांचं वलय, आणि आठवडाभर वाहिन्यांनी केलेला गाजावाजा. गाजावाजा करायचं ठरवलं तर होतो. बहुतेक संघांच्या वाट्याला तो येत नाही.

पॅक-१२ मोडली कशी?

पॅक-१२ म्हणजे आमचा गट. १९१५ ची स्थापना. पश्चिम किनाऱ्याचं हे शंभर वर्षांहून जुनं घर तेरा महिन्यांत रिकामं झालं.

२०११ मध्ये पॅक-१२ ने ईएसपीएन आणि फॉक्सशी १२ वर्षांचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला. तेव्हा तो सगळ्यात मोठा होता. पुढच्या वर्षी गटाने स्वतःचं चॅनेल काढलं आणि मालकी पूर्णपणे स्वतःकडे ठेवली. बाकीच्या गटांनी फॉक्स किंवा ईएसपीएनला सोबत घेतलं होतं. ज्याच्या हातात इतर चॅनेल आहेत असा भागीदार केबल आणि डिशवाल्यांना दबवू शकतो. आमच्याकडे तो नव्हता. डायरेक्टीव्ही या मोठ्या डिश कंपनीशी कधी जमलंच नाही. माझ्याकडे तीच डिश होती. आमचा संघ खेळत असायचा आणि मी मित्राच्या घरी नाहीतर फोनवर स्कोअर बघत असायचो.

२०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा गेल्यावर बिग ट्वेल्व्ह घाबरली होती. तिची उरलेली विद्यापीठं घ्यायची संधी पॅक-१२ पुढे होती. विस्तार करायचा नाही, असं पॅक-१२ ने ठरवलं. वर्षभरात यूएससी आणि यूसीएलए गेले आणि लॉस एंजेलिस गेलं. मग बिग ट्वेल्व्हने चपळाई केली. तिचा जुना करार संपायला अवकाश होता, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सकडून ६ वर्षांचे सुमारे २.२८ अब्ज डॉलर पदरात पाडून घेतले. रांगेत पॅक-१२ पुढे होती, पण पैसे बिग ट्वेल्व्हने नेले. वाहिन्यांच्या तिजोरीत पश्चिमेसाठी फारसं उरलं नाही.

महिनेमहिने ‘करार होतोय’ एवढंच ऐकू येत होतं. जुलै २०२३ च्या शेवटी कोलोरॅडो बाहेर पडलं. अखेर समोर आला अ‍ॅपलचा प्रस्ताव. बातम्यांनुसार प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या आसपास, आणि वर्गणीदार वाढले तर जास्त. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी उरलेल्यांनी एकत्र राहण्याच्या कागदावर सह्या करायच्या होत्या. त्याच दिवशी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन (सिएटलचं, आमचं वॉशिंग्टन स्टेट नव्हे) बिग टेनमध्ये गेले. संध्याकाळपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत.

उरले दोन: ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हालिस आणि पुलमन. दोन्ही छोटी गावं, दोन्ही शेतीची विद्यापीठं. तीन आठवड्यांनी हेच दोघे पुलमनला एकमेकांशी खेळले. दोघेही देशातल्या पहिल्या पंचवीसांत होते. आम्ही ३८-३५ ने जिंकलो.

एकेका विद्यापीठाला किती पैसे मिळतात?

२०२२-२३ मध्ये बिग टेनच्या पूर्ण वाटेकऱ्याला सुमारे ६ कोटी डॉलर, एसईसीच्या विद्यापीठाला सुमारे ५.१ कोटी, पॅक-१२ च्या विद्यापीठाला सुमारे ३.४ कोटी. यात टीव्हीचा वाटा सिंहाचा. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी ७ वर्षांचा ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. एसईसी २०२४ पासून पूर्णपणे ईएसपीएन-एबीसीकडे आहे. त्यात सीबीएसकडून आलेल्या एका साप्ताहिक सामन्याच्या हक्कासाठी वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलर मोजले जातात, असं तेव्हा छापून आलं होतं. सीबीएस त्यासाठी ५.५ कोटी देत होतं.

सगळ्यांना सारखं मिळतं असंही नाही. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये साधारण निम्म्या वाट्यावर आले. स्टॅनफर्ड आणि बर्कलीने सुरुवातीची काही वर्षं ३० टक्के वाटा कबूल केला. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हटलं, फक्त आत घ्या.

नोत्र दाम कुठल्याच गटात कसं नाही?

फुटबॉलमध्ये ते स्वतंत्र आहे, कारण त्याला परवडतं. १९९१ पासून त्याचे घरचे सामने एनबीसी दाखवतं. देशभर पसरलेला कॅथलिक चाहतावर्ग ही त्याची पुंजी. बाकी बहुतेक खेळांत ते एसीसीत आहे.

यात खेळणाऱ्या मुलामुलींचं काय?

फुटबॉल संघ हंगामात बारा सामने खेळतो, त्यातले साधारण अर्धे बाहेर, तेही स्वतंत्र विमानाने. खरा भार पडतो तो व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, फुटबॉल–म्हणजे आपला पायाचा फुटबॉल–खेळणाऱ्या मुलींवर. सिएटलहून रटगर्सला जायचं म्हणजे सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि सोमवारी परीक्षा. करार फुटबॉलच्या प्रेक्षकांवर ठरतो, प्रवास सगळ्यांना करावा लागतो. फुटबॉलला वेगळे गट आणि इतर खेळांना शेजारचे गट ठेवायला काय हरकत होती, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खेळाडूंना पैसे मात्र आता मिळतात. २०२१ पासून नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा आहे. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार २०२५-२६ मध्ये प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना थेट सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतं. ते योग्यच झालं. पण त्यामुळे कमी टीव्हीपैशाच्या गटातली विद्यापीठं आणखी मागे पडली, हेही खरं.

जुन्या लढती संपल्या का?

काही संपल्या. ओक्लाहोमा–ओक्लाहोमा स्टेट ही लढत १९०४ पासूनची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमा स्टेट २७-२४ ने जिंकलं आणि नियमित लढत थांबली. काही परतही आल्या. टेक्सस–टेक्सस ए अँड एम २०११ नंतर बंद होती. टेक्सस एसईसीत आल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा झाली. कॅन्सस–मिझुरी सप्टेंबर २०२५ मध्ये परतली.

आमची लढत अ‍ॅपल कप. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट. ती नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आसपास असायची. आता सप्टेंबरमध्ये होते, आणि २०२८ पर्यंतचं वेळापत्रक ठरलेलं आहे. २०२४ मध्ये सामना सिएटलला होता आणि फक्त एका अ‍ॅपवर दिसत होता. आमच्या बैठकीत अर्धे जांभळ्या शर्टात, अर्धे किरमिजी. शेवटच्या मिनिटाच्या आसपास वॉशिंग्टन गोलरेषेपासून एक यार्डावर, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न. एक यार्ड म्हणजे जेमतेम दोन हात. आमच्या पोरांनी अडवलं. २४-१९. खालच्या मजल्यावरचे शेजारी काय झालं म्हणून वर आले.

प्रेक्षकसंख्येवर थेट पैसे वाटतात, हे खरं का?

हो, एसीसीत. तिथल्या विद्यापीठांनी प्रक्षेपणाचे हक्क २०३६ पर्यंत गटाला लिहून दिले होते. त्यातून सुटका हवी म्हणून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी कोर्टात धाव घेतली. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार टीव्हीच्या रकमेतला ६० टक्के भाग पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येनुसार आणि ४० टक्के सगळ्यांना सारखा. मोक्याची वेळ ज्याला मिळते त्याचे प्रेक्षक वाढतात, प्रेक्षक वाढले की पैसे वाढतात, पैशाने खेळाडू येतात, आणि मग मोक्याची वेळ पुन्हा त्यालाच. खालच्याला या चक्रात शिरायला फटच नाही.

फेरमांडणीमुळे प्रेक्षक वाढले का?

मोठ्या सामन्यांना, हो. टेक्सस एसईसीत गेल्यामुळे टेक्सस–जॉर्जिया हा सामना २०२४ मध्ये नियमित हंगामात झाला. त्याला सुमारे १ कोटी ३२ लाख लोक. त्याच दोघांचा गटाचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ६६ लाखांवर. वाहिन्यांना हेच हवं होतं: वर्षातून एकदा होणारी लढत दोनदा.

पण मला जास्त बोलकं उदाहरण वाटतं ते इंडियाना विद्यापीठाचं. कित्येक दशकं सगळ्यात जास्त हरणाऱ्या संघांत त्याची गणना. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ओहायो स्टेटला १३-१० ने हरवून बिग टेन जिंकलं, तेव्हा सुमारे १ कोटी ८३ लाख लोक बघत होते. पुढच्या महिन्यात मायामीला २७-२१ ने हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. पण हा चमत्कार घडायला आधी बिग टेनची खुर्ची लागते. इंडियाना तिथे १८९९ पासून बसलेलं आहे आणि हरण्याच्या वर्षांतही त्याला पूर्ण वाटा मिळत होता. वॉशिंग्टन स्टेटने २०१८ मध्ये विक्रमी ११ सामने जिंकले. पाच वर्षांनी त्याला कुणी विचारलं नाही.

मग पुलमनचं पुढे काय?

दोघा उरलेल्यांनी कोर्टात जाऊन गटाच्या मंडळाचा ताबा मिळवला. तो निकाल पुलमनपासून जवळच्या कोलफॅक्स गावातल्या कोर्टात लागला. गटाचं नाव आणि मालमत्ता वाचली. जुलै २०२६ पासूनच्या नव्या मांडणीत बॉयझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट हे फुटबॉलसाठी सोबतीला आहेत. पैसा पूर्वीच्या मानाने थोडा.

आणि आमचा झेंडा आहे. ईएसपीएनचा शनिवार सकाळचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या विद्यापीठाच्या आवारातून होतो. मागे गर्दीत लांब काठीवर एक किरमिजी झेंडा फडकताना दिसतो. तो वॉशिंग्टन स्टेटचा. ऑक्टोबर २००३ पासून कार्यक्रम कुठेही असो, आमचे माजी विद्यार्थी तो तिथे पोचवतात. हातोहात, कुरियरने, स्वतःच्या खर्चाने. २०१८ मध्ये कार्यक्रम पहिल्यांदा पुलमनला आला. मी सिएटलहून रात्रीच निघालो, पाच तास गाडी चालवली. पहाटे अंधारात पोचलो तर गव्हाच्या टेकड्यांमधल्या त्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. ती माणसं कुठल्या मीटरमध्ये मोजली गेली असतील असं मला वाटत नाही.

भारतातून सामने बघायचे तर किती वाजता?

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हे घड्याळ धरा. दुपारी १२ चा सामना म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ. साडेतीनचा म्हणजे रात्री एक. साडेसातचा म्हणजे रविवारी पहाटे पाच. त्यानंतर अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, तेव्हा प्रत्येक वेळेत एक तास मिळवा.

आणि पश्चिमेचा तो उशिराचा सामना, ज्याला न्यूयॉर्क झोपतं, तो साताऱ्यात रविवारी सकाळी आठला सुरू होतो. बाबा आंघोळ करून बसायचे. मी इथे फोन टीव्हीसमोर बरणीला टेकवून व्हिडिओ कॉल लावायचो. आई पोहे आणून द्यायची आणि विचारायची, आपले कुठले, लाल ना?